संघर्षवाद म्हणजे नुसता मार्क्स नव्हे, काका!

घोडबंदरवासी (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका निवृत्त काकांनी हातभर पोस्ट टाकली. विषय संघर्षवाद, म्हणजे समाज सत्ता आणि साधनांवरच्या भांडणांतून घडतो असं मानणारा विचार. सार एवढंच: 'संघर्षवाद ही मार्क्सची खुळं. रशिया बुडाला, विषय संपला. समाज सहकार्यानं चालतो, नसते वर्ग शोधणारे भांडणं लावतात.' निमित्त लिफ्टचं. घरकामाच्या बायका आणि डिलिव्हरीची पोरं यांनी मागचीच लिफ्ट वापरायची अशी नोटीस लागली, आणि एका कॉलेजच्या मुलीनं 'का?' एवढंच विचारलं. गटावर तोंड उघडलं तर माझं पार्किंग जाईल, म्हणून इथे लिहितोय.

काका, मार्क्स बाजूला ठेवला तरी संघर्षवाद उरतोच. मार्क्सनं १८४८च्या जाहीरनाम्यात इतिहास वर्गांच्या लढ्याचा म्हणून मांडला. मालकी कुणाची, हा त्याचा सवाल. पुढचे समाजशास्त्रज्ञ घ्या. वेबर म्हणाला, पैसा वेगळा, प्रतिष्ठा वेगळी, पक्ष-संघटनेतून येणारं बळ वेगळं. तिन्ही एकाच घरात नांदतील असं नाही. झिमेलच्या लेखी तर भांडण हाही एकमेकांशी जोडलेलं असण्याचाच प्रकार. त्याच्यावरून कोझरनं १९५६मध्ये संघर्षाचे उपयोग सांगितले: कुकरच्या शिट्टीसारखी वाफ निघून जाते आणि भांडणारा गट आतून घट्ट होतो. आणि डारेनडॉर्फनं मार्क्सचीच उलटतपासणी घेतली. कारखाना कुणाच्या नावावर आहे ते राहू द्या, हुकूम कोण सोडतो आणि कोण झेलतो ते बघा. आमच्या सेक्रेटरींचा फ्लॅट अजून बँकेकडे गहाण आहे, पण नोटिशीवर सही त्यांचीच. यात मार्क्स कुठे आला?

नौपाड्याचे नाना
नावं भरपूर झाली, मुद्दा सापडला नाही. ऑफिसच्या वेळेला लिफ्टला रांग लागते म्हणून केलेली सोय आहे ती. प्रत्येक नियमात शोषण दिसायला लागलं की डोळे तपासून घ्यावेत. समाज एकमतानं टिकतो म्हणणारा समाजशास्त्रज्ञ पार्सन्स आता जुना झाला म्हणतात, पण समाज टिकतो कशावर, हा त्याचा प्रश्न कुणी सोडवला? सकाळी ठाणे स्टेशनात उभे राहा. एवढी माणसं रोज एकमेकांना सांभाळून घेत कामाला जातात, ते काय वर्गलढ्यानं?

दिवा_८_१२
नाना फर्स्ट क्लासचे दिसतात. कर्जत लोकलच्या दारात कोण कुणाला सांभाळून घेतं ते एकदा दिव्याला चढायचा प्रयत्न करून सांगा.

कोपरखैरणेची मास्तरीण
धाग्यात सगळे जर्मन नाहीतर अमेरिकन! 'भांडवल'चा पहिला खंड १८६७चा आणि जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ची, म्हणजे एकाच काळातली माणसं. बाबासाहेबांनी १९३६मध्ये सांगितलं की जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे. तुमच्या लिफ्टचं कुलूप डारेनडॉर्फच्या किल्लीनं नाही उघडत.

माझी आई पाचपाखाडीत घरकाम करायची. तिला कुठल्या साहेबानं कधी अडवलं नाही. अडवायचा वॉचमन. 'मावशी, मागून.' स्वतः कंत्राटावरचा, पगार महिना महिना रखडलेला, पण त्याच्याही खाली कुणीतरी होतं. पायरीपायरीची विषमता म्हणतात ती हीच. प्रत्येकाला तुडवायला खालची एक पायरी मिळाली की कोण कशाला एकत्र येतंय? मागच्या लिफ्टला आरसा नसायचा, भिंतींना प्लायवूड ठोकलेलं. नाना, ही सोय कुणाची?

नौपाड्याचे नाना
ताई, तुमच्या आईबद्दल आदर आहे. पण एका वॉचमनवरून सिद्धांत होत नाही.

कोपरखैरणेची मास्तरीण
आणि एका लोकलवरून होतो?

ऐरोलीकर भूमिपुत्र
लिफ्ट लिफ्ट काय लावलंय? ज्या जमिनीवर ती लिफ्ट वरखाली जाते ती कुणाची होती? नवी मुंबई वसवायला सिडको १९७०ला आली, ९५ गावांच्या जमिनींवर शिक्का बसला. भातशेती, मिठागरं गेली आणि जमीनमालकाचा 'प्रकल्पग्रस्त' झाला. १९८४च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनावर गोळ्या चालल्या, पाच जण गेले. दि. बा. पाटलांमागे लोक उभे राहिले म्हणून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. नानांच्या सहकार्याची वाट बघत बसलो असतो तर सातबाराची झेरॉक्सही मिळाली नसती.

घोडबंदरवासी
लढ्याबद्दल दुमत नाही. पण त्याच साडेबारा टक्क्यांचे भूखंड किती जणांनी बिल्डरला दिले? गावठाणात चार मजले चढवून खोल्या भाड्यानं देणारे आज कोण आहेत? अकरा महिने झाले की भाडेकरूचं सामान बाहेर. मालक बदलला, एवढंच.

ऐरोलीकर भूमिपुत्र
तोंड सांभाळून. पोरं वाढली, घर वाढवायला परवानगी मिळेना, म्हणून बांधलं. आणि तेवीस मजल्यांवरून आमचे चार मजले मोजू नका. स्वतःच्या गटावर बोलायची हिंमत नाही आणि इथे आमचा हिशेब मांडताय.

सीएचबीवाला_कळवा
अवांतर: अमेरिकन समाजशास्त्रज्ञ कॉलिन्स कुणालाच आठवला नाही. पदव्या म्हणजे आत कुणाला घ्यायचं ते ठरवणारं कुंपण, हे त्यानं १९७९मध्येच लिहिलं. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालो, पीएचडी झालो, तासिका तत्त्वावर हाच संघर्षवाद शिकवतो. मानधन सहा महिन्यांनी येतं. कायम प्राध्यापक शेजारच्या खुर्चीवर बसून 'समता' शिकवतात. तुमचे वर्ग चालू द्या.

वाशी_मार्केट
माझा गाळा आहे, म्हणजे इथल्या हिशेबानं मी शोषक. असू दे. माथाडी कायदा १९६९चा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. त्याआधी हमालाला ना हजेरी, ना फंड. वडिलांनी ते दिवस पाहिलेत, ते कायद्याला नावं ठेवत नसत. पण आज ज्याचा माथाडीशी संबंध नाही असाही कुणीतरी संघटनेची पावती घेऊन उभा राहतो. लढा जिंकल्यावर त्याचं दुकान होतं, हे कुठल्या पुस्तकात आहे?

घोडबंदरवासी
डारेनडॉर्फ त्याच वाटेनं जातो. भांडणाला नियम, मंडळ, वाटाघाटी मिळाल्या की धार बोथट होते. आणि मंडळातही हुकूम सोडणारे आणि झेलणारे असतातच.

नौपाड्याचे नाना
चला, मान्य. माथाडी कायदा भांडूनच आला, साडेबारा टक्केही. लिहून घ्या, नाना हरले. पण कायदा झाल्यावर गेली पन्नास वर्षं मार्केट चालतंय ते व्यापारी आणि हमाल यांच्या सहकार्यानंच ना?

वाशी_मार्केट
नाना, पहाटे चारला या एकदा. गाडी लागली की वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली, ट्रान्सपोर्टवाल्यानं द्यायची की गाळेवाल्यानं, यावर जे सहकार्य चालतं ते ऐका. कांदा तोवर गाडीतच असतो.