मदत हवी आहे: झेब्राफिशच्या भ्रूणात परिणाम मज्जासंस्थेवरच, की नुसती वाढ मंदावली?

क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची चाचणी. फलनानंतर ६ तासांपासून मात्रा सुरू, म्हणजे न्यूरल प्लेट (ज्यातून मज्जासंस्था घडते तो पेशींचा थर) दिसण्याच्या आधी. मात्रा ०.१, ०.३ आणि १ मायक्रोमोलर, चाचणीच्या ताटलीतल्या प्रत्येक खोबणीत डीएमएसओ (रसायन विरघळवणारा द्रावक) ०.१ टक्के, तापमान २८.५ अंश. डीएमएसओचं आणि नुसत्या माध्यमाचं, अशी दोन्ही नियंत्रणं आहेत.

अडचण २४ तासांवर येते. १ मायक्रोमोलरला शेपटीचे आपोआप होणारे झटके कमी दिसतात, पण त्याच भ्रूणांचं डोकंही अजून धडाकडे जास्त वाकलेलं असतं. म्हणजे वाढ मागे पडली आहे. आता हे झटके साधारण १७ तासांना सुरू होतात, १९च्या सुमारास सर्वाधिक असतात आणि मग उतरतात. त्यामुळे भ्रूण नुसतं मागे असतं तर २४ तासांना झटके उलट जास्त दिसायला हवेत. इथे कमी आहेत, म्हणून मज्जासंस्थेवर थेट परिणामाची शंका बळावते. पण एकाच वेळेच्या मोजणीवर निष्कर्ष काढणं धाडसाचं वाटतं.

१७ ते २७ तास दर तासाला मोजावं, की घड्याळ सोडून सोमाइट (भ्रूणाच्या धडावर क्रमाने तयार होणारे खंड) मोजून समान टप्प्याचे भ्रूण निवडावेत? अ‍ॅसिटिलेटेड ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाने अक्षतंतू (चेतापेशींचे लांब धागे) रंगवायला २४ तास पुरेत, की ४८पर्यंत थांबावं? थांबायचं तर त्वचेतलं रंगद्रव्य अडवायला पीटीयू (फिनाइलथायोयुरिया) घालावं लागेल, आणि तेही एक रसायनच.

शिवाय क्लोरपायरिफॉस प्लास्टिकला चिकटतं, पाण्यातली खरी मात्रा घटते. काचेच्या कुप्या वापरणाऱ्यांनी द्रावण किती तासांनी बदललं?