मदत हवी आहे: इजिप्तचं वळण मतदानात कसं पकडायचं?

इजिप्तने जुलै १९७२मध्ये सोव्हिएत लष्करी सल्लागारांना परत पाठवलं, मार्च १९७६मध्ये सोव्हिएत संघाशी असलेला मैत्री करार मोडला. सोव्हिएत संघाकडून अमेरिकेकडे झालेलं हे वळण संयुक्त राष्ट्र आमसभेच्या मतदानात शोधायचंय. होकार १, तटस्थ ०.५, नकार ०. मग दरवर्षी इजिप्तच्या मतांचा अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या मतांशी सरासरी फरक. गैरहजेरी रिकामी ठेवलीय, तटस्थ धरली की आकडे फसवतात.

नावांची गफलत सुटली: १९५८ ते १९७१ इजिप्तची नोंद ‘संयुक्त अरब प्रजासत्ताक’ अशी, त्यात १९६१पर्यंत सीरियाही. खरी अडचण पॅलेस्टाईनच्या ठरावांची. जवळपास त्याच मजकुराने ते दरवर्षी येतात आणि अमेरिकेपासूनचं अंतर फुगवतात. गाळणं पटत नाही, कारण तोच तर इजिप्तचा मोठा प्रश्न. मजकुराच्या साम्यावरून गट करून प्रत्येक गटाला एकच वजन द्यावं का? साम्याची मर्यादा किती ठेवता?