वेलफायर विकायची आहे, नागपुरात गिऱ्हाईक भेटल का?

भाऊ, काकांची टोयोटा वेलफायर आहे, २०२० ची, पेट्रोल हायब्रिड, एमएच ३१ पासिंग, जपानहून तयार येते तीच. लोक येतात, बटनाचं सरकतं दार दहादा उघडझाप करतात, मधल्या सीटवर पाय लांब करून पडतात अन् भाव करतात इनोव्हाचा! काय करू?

उत्तर १: इथंच अडून बसू नको बाप्पा. एवढ्या पैशात आपल्याकडचा माणूस फॉर्च्युनरच पाहतो. मुंबई-हैदराबादच्या डीलरले फोटो पाठव.

उत्तर २: आधी सर्व्हिस सेंटरातून हायब्रिड बॅटरीचा रिपोर्ट काढ, सगळे त्यालेच भेतात. अन् २०२३ मध्ये नवं मॉडेल कोटीच्या वर गेलं हे सांगायले विसरू नको, भाव तिथूनच सुरू होते.

उत्तर ३: गिऱ्हाईक रायपूरचं निघालं तर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागल, लोन असल तर आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा फॉर्म ३५ पण. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर नुसत्या सह्या करून चाबी देऊ नको, नाव बदलेपर्यंत चलान काकांच्याच नावावर येतीन.

प्रश्नकर्ता: लोन फिटलं पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे, उद्या तेच काढतो.