खेळाडूंचा जाहीर सत्कार शाळकरी मुलांना येता येईल अशा वेळी का ठेवत नाहीत?

नेरूळकर

2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. शफालीच्या 87 धावा, दीप्तीच्या 58 धावा आणि पाच बळी, हे आता शाळेतल्या मुलींना तोंडपाठ आहे. पण त्यातल्या किती जणींनी ते डोळ्यांनी पाहिलं? पावसामुळे सामना तीनऐवजी पाचला सुरू झाला आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली. रविवार होता, दुसऱ्या दिवशी कामाचा वार. सामन्याची वेळ टीव्हीवाल्यांच्या हिशेबाने ठरते, पाऊस कुणाच्या हातात नाही, हे मला कळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं म्हणणं त्यानंतरच्या सोहळ्यांबद्दल आहे. चषक आपल्या गावात जिंकला आणि आपल्या गावात संघाची जाहीर मिरवणूक निघाली नाही. संघ दिल्लीला पंतप्रधानांना भेटून आला. स्मृती, जेमिमा आणि राधा यांचा राज्य सरकारने सत्कार केला तो मुंबईत, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते. मोठ्यांनी मोठ्यांचा सत्कार केला, मुलांनी बातमी पाहिली.

पुरुषांच्या संघाची 2024 मधली टी-20 विश्वचषकानंतरची मिरवणूक आठवा. 4 जुलै, गुरुवार. शाळा सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. मरीन ड्राइव्हवरून संध्याकाळी पाचला निघणार म्हणून जाहीर केलेली बस साडेसात वाजून गेल्यावर हलली. पनवेल-नेरूळकडच्या दुपार अधिवेशनाच्या मुलाने काय करायचं? पावणेसहाला शाळा सुटल्यावर चर्चगेटला पोचायचं कसं आणि त्या गर्दीतून परत यायचं कसं? दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर चपला-बुटांचे ढीग पडले होते, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून, महापालिकेच्या किंवा सरकारच्या नावाने होणारा कोणताही क्रीडा सत्कार शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळात व्हावा, आणि तो मैदानात व्हावा. शनिवारच का? कारण मराठी शाळा शनिवारी सकाळच्या असतात, दुपार अधिवेशनाच्यासुद्धा. बऱ्याच सीबीएसई शाळांना सुट्टीच असते. म्हणजे शनिवारी दुपार ही बहुतेक सगळ्या मुलांची एकत्र मोकळी असणारी एकमेव कामकाजी दुपार आहे. रविवार म्हणाल तर हार्बरवर मेगाब्लॉक लागला की संपलं.

आमच्या इमारतीमागच्या मैदानावर संध्याकाळी नेट लागतं. विश्वचषकानंतर तिथे मुली वाढल्या. त्यातली एक भावाचे पॅड बांधते. ते तिच्या मांडीच्याही वर येतात, धाव घेताना एका हातात बॅट आणि दुसऱ्या हाताने पॅड धरून धावते. अशा मुलीसमोर हरमनप्रीत दहा मिनिटं उभी राहिली तर काय होईल, याचा विचार सत्काराची तारीख ठरवणाऱ्या कुणाच्या तरी डोक्यात यायला हवा. सत्कारात सर्वात पुढची रांग तिची हवी.

नौपाड्यातली आई

दादा, भावना पोचली. पण मी याच्या पूर्ण विरोधात आहे.

4 जून 2025, बंगळुरू. आरसीबीने आयपीएल जिंकल्याच्या सोहळ्यात चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत 11 माणसं गेली. तरुण पोरं होती, त्यात एक शाळकरी मुलगीही होती. तो बुधवार होता. बुधवारी ही गत, तर शनिवारी सगळ्या मुंबई-ठाण्याला मोकळीक असताना काय होईल? 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टनच्या पुलावर 23 जण गेले, तिथे तर कुठला सोहळाही नव्हता. पाऊस आला, लोक पुलावर थांबले, एवढंच. आपली स्टेशनं, आपले जिने अशा गर्दीसाठी बांधलेलेच नाहीत.

तुम्ही मुलांना यायला सोपं करा म्हणता, म्हणजे गर्दीत सर्वात ठेंगण्या, सर्वात हलक्या माणसांची भर घालता. गर्दी दाटली की मोठ्या माणसाला निदान श्वास घ्यायला डोकं वर काढता येतं. आठ वर्षांच्या पोराचं तोंड लोकांच्या पोटाच्या उंचीवर असतं. टेंभी नाक्याच्या हंडीला मुलाला खांद्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या प्रत्येक बापाला हे ठाऊक आहे.

घरी टीव्हीवर बघू दे. खेळाची आवड त्यानेही लागते. जेमिमाच्या 127 धावा माझ्या मुलीने घरीच पाहिल्या, उपान्त्य सामन्याच्या रात्री, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. त्यासाठी तिला कुठे चेंगरायची गरज पडली नाही.

नेरूळकर

ताई, बंगळुरूचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, असं मला मनापासून वाटतं. अंतिम सामना 3 जूनला रात्री अहमदाबादला संपला आणि दुसऱ्याच दिवशी बंगळुरूत सोहळा. मोफत प्रवेशाबद्दल लोकांत गोंधळ, दारांवर रेटारेटी, तयारीला एक दिवससुद्धा नाही. घाई हे तिथलं मूळ होतं. मुलं येणार हे आधी धरलं की घाई करताच येत नाही. आठवडाभर आधी तारीख द्यावी लागते, शाळेमार्फत पास द्यावे लागतात, बसायची जागा मोजावी लागते. मुलांना बोलावण्याची अट घातली की सोहळाच शहाणा होतो.

आणि मी मिरवणूक मागत नाहीये. रस्त्यावरची मिरवणूक मलाही नको. मैदान, खुर्च्या, पास.

खडू-फळा

नेरूळकर, मी इकडच्या एका शाळेत शिकवतो. मुलांसाठी बोलताय म्हणून बरं वाटलं, आणि ‘शाळेमार्फत पास’ वाचून पोटात गोळा आला.

शाळेमार्फत म्हणजे काय होतं ते सांगतो. आदल्या रात्री मुख्याध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो की उद्या अमुक कार्यक्रमाला दोनशे विद्यार्थी गणवेशात पाठवा. कार्यक्रम चारचा. मुलं तीनला नेऊन बसवायची. प्रमुख पाहुणे साडेपाचला येतात. तोवर मुलं उन्हात, हातात कागदी झेंडे. पाणी नाही, स्वच्छतागृह मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मुलींना तिथे एकटं सोडता येत नाही म्हणून दोन बाई नुसत्या ये-जा करत राहतात. मग हार, शाली, भाषणं. खेळाडू बिचारे व्यासपीठावर मागच्या रांगेत. मुलांना त्यांचं डोकंही दिसत नाही. निघताना विचारलं, कोण आलं होतं? तर मुलं नेत्यांची नावं सांगतात, कारण फलकावर तीच मोठ्या अक्षरात होती.

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस काम व्हायलाच हवं असं लिहिलंय. त्यातले कितीतरी दिवस अशा रांगांत आधीच अर्धेमुर्धे होतात. शनिवारी सकाळची शाळा बुडत नाही, हे मान्य. पण सक्ती केलीत तर मुलाची शनिवारची एकुलती एक मोकळी दुपार तुम्ही काढून घेताय.

माझा विरोध तारखेला नाही. मुलांना खुर्च्या भरण्यासाठी वापरण्याला आहे. पालकांचं लेखी संमतीपत्र, दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि पाहुणे उशिरा आले तर त्यांच्यासाठी न थांबता कार्यक्रम सुरू. हे तिन्ही लिहून देणार असाल तर मी माझा वर्ग आनंदाने आणीन.

तळ्यावरचा भटक्या

मला हा सगळा वादच उलटा वाटतो. आनंद काय वेळापत्रक बघून येतो का? 2 नोव्हेंबरच्या मध्यरात्री नेरूळ स्टेशनकडे चालत जाणारे लोक ओळख नसताना एकमेकांना मिठ्या मारत होते. ती रात्र शनिवारपर्यंत राखून ठेवता येत नाही. उशीर केला की ते शिळं होतं. खेळाडूंनाही पुढची मालिका असते, घर असतं. आठवड्याने बोलावलं तर पंधरातले चार येतील. 1983 पासून लोक खेळाडूंना डोक्यावर घेत आलेत ते उत्स्फूर्तपणेच. मुलांसाठी वेळ ठरवा, पास काढा, संमतीपत्र भरा, असं करत गेलात तर त्याचं शाळेचं स्नेहसंमेलन होईल.

खो-खोवाला

तुम्ही सगळे एकाच खेळावर बोलताय, म्हणून मधे पडतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही भारताने जिंकले. महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. या धाग्यावरच्या किती जणांना ही नावं माहीत होती? मी ज्या मैदानावर शिकवतो तिथल्या मुलांना माहीत आहेत. कारण एका माजी खेळाडूला आम्ही सरावाच्या वेळी मैदानावरच बोलावलं. व्यासपीठ नाही, हार नाही. ताईंनी खांबाला वळसा कसा घ्यायचा, पाय कुठे टाकायचा आणि हात खांबावर किती खाली धरायचा, हे मुलांच्या रांगेत उभं राहून दाखवलं. एका मुलीचा हात धरून स्वतः खाली आणला. ती मुलगी तेव्हापासून तसाच खांब घेते.

भटक्यांचं ‘शिळं होतं’ मला पटत नाही. खाशाबा जाधव 1952 मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन कराडला आले, तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्या जुंपून गावाने त्यांना मिरवत नेलं. पदक जुलैत मिळालं होतं, खेळाडू परतायलाच तेव्हा वेळ लागायचा. उशिराने कुणाचा आनंद कमी झाला नाही.

पण नेरूळकर, तुमच्या शनिवारलाही माझी हरकत आहे. शनिवारी चारला आमची मुलं मैदानात असतात. जी मुलं खरंच खेळतात त्यांचा सराव बुडवून खेळाडू दाखवायला न्यायचं, हे काही बरोबर नाही. त्यापेक्षा खेळाडूंना मैदानांवर पाठवा. तारखाही हव्यात तर आहेतच. 29 ऑगस्ट, ध्यानचंदांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन. 15 जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन. त्या दिवशी शाळांत फोटोला हार घालतात आणि तास सुरू करतात. 2026 मध्ये 29 ऑगस्ट शनिवारीच येतोय. एक सत्कार तेव्हा करून बघा ना.

नेरूळकर

खो-खोवाले सर, हे मला सुचलं नव्हतं आणि हे माझ्या मागणीपेक्षा चांगलं आहे. 29 ऑगस्ट घेऊ. फक्त एक जोड देतो. खेळाडूने मैदानावर येणं हवंच, पण गावाने जाहीरपणे मान देणंही हवं. आपल्यासारख्या मुलीला अख्खं शहर उभं राहून टाळ्या वाजवतंय, हे त्या पॅडवाल्या मुलीने आणि शेजारी बसलेल्या तिच्या वडिलांनी बघायला हवं. ‘मुलीच्या जातीला क्रिकेट कशाला’ म्हणणारे अजून आमच्याच इमारतीत आहेत. मैदानावरच्या भेटीने ते बदलणार नाहीत.

भटक्यांना एवढंच सांगतो की मध्यरात्रीच्या मिठ्या कुणी थांबवत नाहीये, त्या मीही मारल्यात. मी महापालिकेच्या खर्चाच्या मांडवाबद्दल बोलतोय. तो कधीच उत्स्फूर्त नसतो. त्याची तारीख कुणीतरी बसून ठरवतंच. ठरवताना पाहुण्यांची सोय बघतात, तिथे शाळेची घंटा बघा.

तळ्यावरचा भटक्या

मांडवापुरतं असेल तर मान्य. पण मग त्याला विजयोत्सव म्हणू नका, नागरी सत्कार म्हणा. आणि चार खेळाडू आले तरी नाराज होऊ नका.

खडू-फळा

चार पुरे आहेत. एक आली तरी पुरे, मुलांना दिसली म्हणजे झालं. पत्र लिहिणार असाल तर ‘खेळाडू पुढे, पाहुणे मागे’ हे पहिल्या ओळीत लिहा. आणि ऑगस्ट आहे, पाऊस असेल. उघडं मैदान धरू नका. वाशीचं भावे नाट्यगृह किंवा तसं छताखालचं काही बघा. जागा कमी मिळेल, पण मुलं भिजणार नाहीत आणि मोजून आत सोडता येतील.

नौपाड्यातली आई

छताखाली, मोजून, पास असलेल्यालाच प्रवेश, असं असेल तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा बाहेरच्या रस्त्याचा आहे. पास नसलेले लोक खेळाडू बघायला येणारच, आणि सुटताना मुलं त्याच दारातून बाहेर पडणार. त्या दाराचं काय करायचं ते पत्रात लिहा. मुलांच्या बसगाड्या आतल्या आवारात लागतील का, मुलं गेल्याशिवाय खेळाडूंची गाडी निघणार नाही असं ठरेल का, हे विचारा. उत्तर लेखी आलं तर इथे टाका. त्यानंतर मुलीला पाठवायचं की नाही ते मी ठरवीन.