अत्तरात प्राणिज बेस खरा हवाच का?

गंधकोठी:
प्राणिज बेस म्हणजे कस्तुरी, जवादी, व्हेलची उलटी अशा प्राण्यांकडून मिळणाऱ्या मालाचा अत्तरातला पाया. तो खरा हवा का? माझं मत स्पष्ट आहे, नको. कस्तुरीमृग आणि स्पर्म व्हेल दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. 'व्हेलची उलटी' विकताना कोकणात लोक पकडले जातात ते त्यामुळेच. इथिओपियात जवादीसाठी, म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथीतल्या वासाच्या स्रावासाठी, त्या मांजरांना अरुंद पिंजऱ्यात कोंडून ग्रंथी खरवडतात. हे सगळं कशासाठी? प्राणिज मालाशिवायही २० ग्रॅम बेस असा होतो (कंसातला टक्का म्हणजे द्रावणाची तीव्रता): इथिलीन ब्रासिलेट ८ ग्रॅम, गॅलॅक्सोलाइड (५० टक्के) २, कस्तुरभेंडीच्या बियांचा घट्ट अर्क म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट (१० टक्के) ४, अँब्रॉक्सान (१० टक्के) ३, लॅबडॅनम हा झुडपाचा राळेसारखा चीक (१० टक्के) २, स्कॅटोल (०.१ टक्का) अर्धा, पॅरा-क्रेसिल फिनाइल अ‍ॅसिटेट (१ टक्का) अर्धा. दोन मस्क, म्हणजे कस्तुरीसारखे कृत्रिम गंध (पहिले दोन घटक), मुद्दाम घेतलेत, कारण मोठ्या रेणूंचा एखादा मस्क काही नाकांना अजिबात येत नाही. स्कॅटोल थेंबांनी मोजू नका, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. जरा जास्त झालं की डांबरगोळीचा वास येतो आणि तो नंतर कशानेही झाकत नाही.

देगभपका:
असहमत. हा बेस स्वच्छ आणि गोड आहे, त्यात जनावराचा वास नाही. नैसर्गिक मालात लहान-मोठे असंख्य घटक असतात, ते त्वचेवर एकामागून एक सुटतात. सात घटकांत ते कसं बसणार? आणि कायद्यात बसणारा पर्याय आहे की: हायरेशियम. दक्षिण आफ्रिकेतला रॉक हायरॅक्स हा छोटा सस्तन प्राणी पिढ्यानपिढ्या एकाच कपारीत मलमूत्र टाकतो, ते साचून दगडासारखं होतं. १० ग्रॅम खलात बारीक करा, ९५ टक्क्यांच्या १०० मिली अल्कोहोलमध्ये घाला, तपकिरी बाटलीत सहा आठवडे ठेवा, रोज हलवा. मग एक रात्र फ्रीजमध्ये ठेवून थंड असतानाच गाळा. अल्कोहोल पातळ घेतलंत तर क्षारही उतरतात आणि पुढे अत्तर गढूळ होतं. द्रवरूप पॅराफिनवरच्या स्वस्त अत्तरात हे टिंक्चर (अल्कोहोलमधला अर्क) घालू नका, ते मिसळत नाही, वेगळं होऊन बसतं.

कपारीचा_पहारा:
जनावराला इजा होत नाही, एवढंच खरं. त्या थरांत हजारो वर्षांचे परागकण अडकलेले असतात. आफ्रिकेच्या जुन्या हवामानाचा अभ्यास त्यांवरच चालतो. कपार खरवडली की ती नोंद कायमची गेली, नवा थर साचायला तेवढीच वर्षं लागणार. गंधासाठी हे करणं मला पटत नाही.

देगभपका:
हा आक्षेप वजनदार आहे. मग अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या कनौजचा चोया नख घ्या. नखला, म्हणजे समुद्री शंखांची झाकणं, मडक्यात पाण्याशिवाय तापवून सुटणारा धूर धरतात. चामडं, समुद्र, जळकेपणा, सगळं त्यात आहे. तयार मिश्रणात ०.२ टक्क्यापासून सुरुवात करा.

गंधकोठी:
चोया हा शेवटी कोरड्या ऊर्ध्वपातनाचा, म्हणजे पाण्याशिवाय तापवून काढलेला डांबरासारखा माल. अशा डांबरात बेंझोपायरिनसारखे घातक घटक येऊ शकतात. बर्च आणि केड या झाडांच्या डांबरावर इफ्राने (सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) याच कारणासाठी मर्यादा घातली. तेव्हा चाचणीचा कागद असलेलाच माल घ्या. आणि या चर्चेत पुढे कुणी कोष्ठाच्या मुळाचं तेल सुचवणार असेल तर आधीच सांगतो: केसांसारखा, जनावराच्या अगदी जवळचा वास त्यात आहे, पण त्वचेला अ‍ॅलर्जी होते म्हणून इफ्राने ते वर्ज्य केलंय. विकायच्या अत्तरात ते घालू नका.