दारू सोडल्यावर घोरणे कसे थांबले?

प्रश्न : रोज रात्री दोन पेग घेण्याची २० वर्षांची सवय यकृताच्या काळजीने सोडली; दोन महिन्यांत घोरणे थांबले आणि रक्तदाबही उतरला, तर याचा परस्परसंबंध काय असावा?

प्रतिसाद १ : मद्यामुळे घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग अरुंद होतो, म्हणून घोरणे वाढते, शिवाय झोप लवकर लागली तरी उत्तररात्री ती मोडते. रक्तदाब उतरणे अपेक्षितच आहे, मात्र त्याच्या गोळ्या आपण स्वतःहून बंद करू नयेत.

प्रतिसाद २ : माझे तर पोट उतरले. एक ग्रॅम मद्यार्कात ७ कॅलरी असतात, आणि चकण्याचा हिशेब कोण ठेवतो!

प्रतिसाद ३ : भरपूर पिणाऱ्यांनी एकाएकी सोडल्यास कंप, झटके, भ्रम उद्भवू शकतात, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे.