टॉवर बदलणं एवढं सोपं नाही

"विजेची लाइन तीच, जागा तीच, मग जुना टॉवर काढून नवा उभा करायला एवढे दिवस का?" असं वर विचारलंय. मोहोळकडच्या आमच्या रानात १३२ केव्हीचा (म्हणजे १ लाख ३२ हजार व्होल्टच्या लाइनचा) एक टॉवर आहे, म्हणून लिहितो.

मोठी अडचण शटडाउनची. उसाला पाणी चालू असताना ही लाइन बंद कोण देणार? मग बऱ्याच ठिकाणी शेजारी तात्पुरते टॉवर उभारून तारा त्यांच्यावर घेतात आणि नंतरच जुन्याला हात लावतात.

त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा सांगाडा जस्ताच्या मुलाम्यामुळे ठणठणीत दिसतो, पण पाय जिथं काँक्रीटमध्ये शिरतो तिथं नखानं खरवडून बघा. आमच्याकडे पापुद्रे निघतात. खालचे दोन अँगल तर भुरट्यांनी कधीच नेले (भंगारवाल्याची दिवाळी!).

आणि "जागा तीच" हेही व्होल्टेज तेच असेल तरच. १३२ केव्हीला तारांखाली २७ मीटरचा पट्टा लागतो, २२० ला ३५. जास्त तापमान सोसणाऱ्या तारा ओढून त्याच टॉवरवरून जवळपास दुप्पट वीज नेता येते, मान्य. पण पायच कुजले असतील तर तारा बदलून काय उपयोग?

मोबदल्याचं म्हणाल तर केंद्राच्या २०२४ च्या सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमीनमूल्याच्या २०० टक्के नि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के धरलेत. पाया चार मीटर सरकला की बांधावर भांडण तिथूनच सुरू होतं.